माफीचा साक्षीदार

(सरस्वतीपुरम, म्हैसूर इथल्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्यांच्या आठवणीसाठी आपण जमलो आहोत त्यांना सरस्वतीपुरममधली मराठी घरं नुसतं 'काका' म्हणायची. अकरा वर्षांपूर्वी मी वकिली थांबवून लेकीकडे म्हैसूरला राहायला आले. कानडी येत नव्हतं, ओळखी नव्हत्या. पहिली ओळख झाली ती काकांच्या पुढच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाशी. वरच्या खणात संतवाङ्मय, मधल्या खणात नाटकं, आणि खाली, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर, रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार, भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स, नारायण धारप. प्रत्येकाला खाकी कव्हर आणि त्यावर काकांच्या वळणदार अक्षरात नाव.

एकदा मी नेलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कुणीतरी शिसपेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. काकांनी ते खोडरबरानं पुसलं होतं, पण लिहिणाऱ्यानं पेन्सिल इतकी दाबली होती, की पान उजेडाकडे तिरकं धरलं की अक्षरं दिसायची. पुस्तक परत करताना मी म्हटलं, "काका, नाव आधीच कळलं, तरी शेवटपर्यंत वाचलं." ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला नावापलीकडचं काहीतरी हवं होतं." ते काय होतं, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. आज तुमच्यापुढे तोच मांडणार आहे.

काकांनी मला दिलेलं शेवटचं पुस्तक जपानी होतं. सेइशी योकोमिझो यांची 'आठ थडग्यांचं गाव' ही कादंबरी. मूळ जपानीत ती 1949 ते 1951 या काळात क्रमशः छापून आली, इंग्रजीत यायला 2021 साल उजाडलं. गोष्ट अशी, की सोळाव्या शतकात युद्ध हरलेले आठ सामुराई सोनं घेऊन एका डोंगराळ गावात आसऱ्याला येतात. गाव आधी आसरा देतं आणि मग सोन्याच्या लोभानं त्यांना मारून टाकतं. पुढे गावावर संकटं येऊ लागतात. लोक घाबरून त्या आठांची थडगी बांधतात, पूजा करतात. कित्येक पिढ्यांनी, विसाव्या शतकात, त्याच गावात पुन्हा माणसं मरू लागतात. मग येतो डिटेक्टिव्ह किंदाइची कोसुके, अस्ताव्यस्त केसांचा, अडखळत बोलणारा, विचारात पडला की डोकं खाजवणारा. मला तो फार आवडला. पण ते पुस्तक वाचताना डोळ्यांपुढे जपान आलंच नाही. मानवत आलं.

मी सेलूची. परभणी जिल्ह्यातलं सेलू. तिथून रेल्वेनं परभणीकडे निघालं की वाटेत मानवत रोड स्टेशन लागतं. 1972 च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते आणि 1973 मध्ये दहा. तेव्हा मानवतला ज्या मुली नाहीशा होत होत्या, त्या माझ्याच वयाच्या होत्या. परसाकडे जायला घरामागच्या बाभळींत जावं लागे. आई दारात उभी राही आणि मला बजावून पाठवी, "मोठ्यानं पाढे म्हण." मी बाभळींमागे बसून सतराचा, अठराचा, एकोणिसाचा पाढा ओरडून म्हणायची. मध्ये अडखळले की आई लगेच हाक मारायची. एकोणिसाचा पाढा मला आजही सुरात येतो, आणि म्हणताना पोटात काहीतरी हलतं.

त्या प्रकरणात 14 नोव्हेंबर 1972 ते 4 जानेवारी 1974 या काळात दहा खून झाले. दहा वर्षांच्या आतबाहेरच्या मुली, काही बायका आणि एक तान्हं मूल. शेवटच्या दिवशी एक आई आणि तिच्या दोन मुली. प्रेतं पाहून पोलिसांच्या लक्षात आलं होतं, की हे साधं वैर नव्हे. तरी वर्षभर तपास पुढे सरकेना. मग मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. 1968 मध्ये मुंबईत रामन राघवच्या प्रकरणाचा छडा लावणारे तेच. त्यांनी नंतर लिहिलेल्या पुस्तकात हा तपास सविस्तर आहे, आणि 2024 मध्ये आलेली 'मानवत मर्डर्स' ही मालिका त्यावरच बेतली आहे. त्याआधी, 1981 मध्ये, विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर अमोल पालेकरांनी याच विषयावर 'आक्रीत' हा चित्रपट काढला होता.

सरकार पक्षाची कहाणी थोडक्यात अशी होती. वाड्यात पिंपळ, पिंपळावर मुंजा, त्या झाडाशी पुरलेलं गुप्तधन. धन हवं आणि मूलही हवं, तर मुंज्याला कुमारिकेचं रक्त द्या. सांगणारे थोडे, करणारे वेगळे, आणि पाहणारे त्याहून जास्त. अठरा जण आरोपी होते. कुलकर्णींनी या सगळ्यांना एका दोरीत बांधलं ते आतल्याच माणसांच्या तोंडून. जे त्यात होते आणि फुटले, त्यांना माफी मिळाली आणि ते साक्षीला उभे राहिले. कायदा अशा माणसाला सहगुन्हेगार म्हणतो, आपण माफीचा साक्षीदार म्हणतो.

रहस्यकथेत या माणसाला जागाच नसते. सगळं काम डिटेक्टिव्हच्या डोक्यानं होतं: सिगारेटची राख, चिखलातला बूट, घड्याळाची थांबलेली वेळ. श्रद्धेच्या नावानं एकत्र आलेल्या माणसांनी मिळून केलेला गुन्हा असा सुटत नाही. तिथं खुणा बाहेर पडत नाहीत, कारण गुपित सगळ्यांचं मिळून असतं. ते फुटतं ते आतूनच. म्हणून पानावर लिहिलेलं एक नाव तिथं कामाला येत नाही. तिथं प्रश्न असतो, की ज्याला काही मिळणार नव्हतं, ज्यानं सुरी धरली नव्हती, तो रात्री तिथं का उभा राहिला, आणि पुढे कधीतरी तो बोलला का.

असा एक माणूस मी पाहिला आहे. मी तेव्हा सरकार पक्षाच्या वकिलांकडे ज्युनिअर होते. गुप्तधनासाठी एका मुलाचा जीव घेतल्याचा खटला होता. गावाचं आणि माणसांचं नाव मी घेणार नाही. माफीचा साक्षीदार होता आरोपीच्याच शेतावरचा सालगडी. पिंजऱ्यात उभा राहिल्यावर तो हातातली टोपी सारखी घडी करत होता. पुन्हा पुन्हा एकच वाक्य: "मी निसती बॅटरी धरली व्हती." मालक म्हणाला धर, म्हणून धरली. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी विचारलं, "बॅटरी कुणीकडे धरली होतीस?" तो म्हणाला, "खड्ड्याकडं." "मग बाजूला उभ्या असलेल्या मुलाला कसं पाहिलंस?" तो बराच वेळ गप्प राहिला. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. तेव्हा तो म्हणाला, "हात हलला, सायेब."

बचावाच्या वकिलांना वाटलं, साक्षीदार फसला. मला वाटलं, सबंध साक्षीतले खरे शब्द तेवढेच. बाकीचं त्याला पढवता आलं असतं. हे कुणी पढवलं असेल?

पण वाटण्यावर न्यायालय चालत नाही, आणि चालू नये. 1872 च्या पुरावा कायद्यानं या माणसाबद्दल दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या, आणि त्या एकमेकींना टोचत होत्या. कलम 133 म्हणायचं, सहगुन्हेगाराची साक्ष चालते, तिच्यावरून दिलेली शिक्षा बेकायदा ठरत नाही. कलम 114 चं उदाहरण म्हणायचं, स्वतंत्र पुष्टी नसेल तर असा माणूस विश्वासाला पात्र नाही असं न्यायालय मानू शकतं. माफी मिळते ती 'संपूर्ण आणि सत्य' सांगण्याच्या अटीवर. आता ज्याच्या मानेवरचा फास सत्यावर अवलंबून आहे तो सत्य सांगतो, की ऐकणाऱ्याला हवं ते सांगतो? आमच्या खटल्यात पुष्टी मिळाली ती वाण्याच्या उधारीच्या वहीत. त्याच दिवशीच्या तारखेला बॅटरीचे तीन सेल, मालकाच्या खात्यावर. काही रुपयांची नोंद. मी ती वही हातात घेतली होती, तिला रॉकेलचा वास येत होता.

आता म्हैसूरकडे येते. 4 मे 1799 रोजी इथून पंधरा किलोमीटरवर श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला. त्याच वर्षी इंग्रजांनी बंगळूरच्या आसपास शंभरेक माणसं पकडली, त्यांना इकडे फांसीगार म्हणत. वाटसरूंशी गोडीनं सोबत करायची, आणि निवांत जागी रुमालाचा फास टाकून मारायचं. मद्रासच्या डॉक्टर शेरवुडनं 1816 मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिला. पुढे उत्तरेत स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं ठगांविरुद्ध जी मोहीम चालवली ती जवळजवळ सगळी माफीच्या साक्षीदारांवर उभी होती. फिरंगिया हा त्यातला नामांकित. स्लीमन त्यांना समोर बसवून कोण कुणाचा भाऊ, कुठल्या वाटेवर कुठल्या झाडाखाली किती पुरले, त्यांची बोली कोणती, हे लिहून घेई. 1836 मध्ये त्यानं त्या बोलीचा शब्दसंग्रह छापला. त्याच वर्षी कायदाही आला: अमुक खून केला हे सिद्ध करायची गरज नाही, ठगांच्या टोळीतला होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप.

इथं मला थांबावंसं वाटतं. कारण आपण ठग म्हणजे भवानीचा खुनी पंथ असंच लहानपणापासून ऐकत आलो. कित्येक इतिहासकार आज विचारतात, की तो पंथ होता, की दुष्काळ, मोडलेली राज्यं आणि नोकरी गेलेले शिपाई यांतून उठलेल्या लुटारूंच्या टोळ्या होत्या? इतर कुठल्याही धंद्यातल्या माणसांसारखेच ते देवीला नवस बोलत असतील. साहेबाला मात्र धर्म हवा होता, आणि ज्याचा जीव साहेबाच्या लेखणीवर टांगलेला, त्यानं धर्म दिला. गळे आवळलेली माणसं खरी होती, विहिरीत सापडलेली हाडं खरी होती. त्यांच्याभोवतीची गोष्ट किती खरी, हे ठरवायला वाण्याची वही कुणी मागितली नाही.

आणि 1839 मध्ये मेडोज टेलर या हैदराबादच्या निजामाच्या नोकरीतल्या इंग्रजानं एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली. तोच टेलर पुढे शोरापूरला आणि आपल्या नळदुर्गला अधिकारी होता. सबंध कादंबरी म्हणजे अमीर अली नावाचा माफीचा साक्षीदार साहेबासमोर बसून बोलतो आहे. इंग्लंडात ती लोकांनी डोक्यावर घेतली. खुनी पंथाच्या शोधाची थरारकथा जगाला आवडू लागली ती इथून, दख्खनमधून, माफीच्या साक्षीदाराच्या तोंडून. त्या कथांमध्ये पुढे डिटेक्टिव्ह मोठा होत गेला आणि हा बोलणारा माणूस बाजूला पडला. मला त्याची जागा त्याला परत द्यायची आहे.

आता जपान. म्हैसूरच्या गोकुळम भागात योग शिकायला येणारी जपानी मुलंमुली तुम्ही स्कूटरवरून जाताना रोज पाहता. जगनमोहन राजवाड्यात 1933 मध्ये कृष्णमाचार्यांनी योगशाळा चालवायला घेतली, तिची ही आजची पालवी. आमच्या शेजारी अशी एक मुलगी तीन महिने राहून गेली. तिनं सांगितलं, की योग शिकायला भारतात जाते म्हटल्यावर तिची आई दोन दिवस बोलली नाही. 1995 नंतर जपानमध्ये कित्येक वर्षं योग या शब्दाचीच लोकांना भीती बसली होती.

कारण त्या वर्षी टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडणारा पंथ योगवर्गातूनच सुरू झाला होता. शोको असाहारा नावाच्या माणसानं 1984 मध्ये टोकियोत एक छोटा वर्ग काढला, पुढे त्याचा 'ॐ शिनरिक्यो' झाला, ॐ परमसत्य. फुजी पर्वताच्या पायथ्याशी कामिकुइशिकी गावात त्यांच्या इमारती होत्या, त्यांना ते 'सत्यम्' म्हणत आणि एकापुढे एक आकडे देत. 'सत्यम् 7' मध्ये सारिन हा विषारी वायू बनायचा. तिथल्या शिष्यांना संस्कृत नावं मिळत. इकुओ हायाशी या हृदयशल्यचिकित्सकाचं नाव होतं कृष्णानंद. केइओ विद्यापीठातला पदवीधर, सरकारी रुग्णालयातलं मोठं पद सोडून 1990 मध्ये आत गेलेला. आपल्या घरात रोज उच्चारले जाणारे शब्द तिथं त्या कामाला लावलेले वाचताना मला शरम वाटली, का ते नीट सांगता येत नाही.

20 मार्च 1995 च्या सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या तीन मार्गांवरच्या पाच गाड्यांत पाच जण चढले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पायाशी टाकल्या, छत्रीचं मुद्दाम घासून टोकदार केलेलं टोक त्यांत खुपसलं आणि उतरून गेले. बाहेर पाच जण मोटारी घेऊन थांबले होते. तेरा माणसं मेली, पुढे 2020 मध्ये तेव्हापासून अंथरुणाला खिळलेल्या एक बाई गेल्या, म्हणजे चौदा. सहा हजारांवर लोक बाधित झाले. हायाशीच्या दोन पिशव्यांपैकी एकच फुटली. कासुमिगासेकी स्टेशनवर ती पिशवी उचलून बाहेर काढणारे रेल्वेचे दोन कर्मचारी गेले. त्यांतले एक होते उपस्टेशनमास्तर काझुमासा ताकाहाशी. डबा पुसून गाडी पुढे सोडणं हे त्यांचं काम होतं, ते त्यांनी केलं.

पाच छत्र्या, पाच गाड्या, पाच चालक. वायू बनवणारे वेगळे, पिशव्या भरणारे वेगळे. प्रत्येकाच्या हातात आपापली बॅटरी होती.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त काय बोचतं, तर आतून आणि घरातून आलेले आवाज फार आधी आले होते. 1989 मध्ये आपलं मूल पंथात गेलेल्या एका आईनं पत्रकार शोको एगावा यांना गाठलं, एगावांनी तिला त्सुत्सुमी साकामोतो या तरुण वकिलाकडे पाठवलं. साकामोतोंनी अशा आईबापांची बाजू घेतली. त्यांनी दिलेली मुलाखत टीबीएस वाहिनीनं प्रसारणाआधी पंथाच्या लोकांना दाखवली. नऊ दिवसांनी, 4 नोव्हेंबरच्या पहाटे, साकामोतो, त्यांची पत्नी आणि चौदा महिन्यांचा मुलगा घरातून नाहीसे झाले. घरात पंथाचा बिल्ला सापडला. तरी पोलीस बराच काळ ते घर सोडून गेले असतील असंच धरून चालले. आणि 1990 च्या फेब्रुवारीत खून करणाऱ्यांपैकीच एक जण, ओकाझाकी, पंथ सोडून पळाला आणि त्यानं पोलिसांना निनावी नकाशा पाठवला: बाळ इथं पुरलं आहे. पोलिसांनी शोधलं, मिळालं नाही, आणि ते प्रकरण तिथंच राहिलं. ती तीन प्रेतं 1995 च्या सप्टेंबरात तीन वेगवेगळ्या प्रांतांतून उकरली गेली. मधल्या साडेपाच वर्षांत मात्सुमोतो शहरावरचा सारिनहल्ला होता आणि टोकियो होतं.

तो नकाशा मी किती वेळा मनात उलगडला असेल. ओकाझाकी चांगला माणूस नव्हता. त्यानं पंथाचा पैसा घेऊन पळ काढला होता, नकाशाची धमकी दाखवून असाहाराकडून आणखी पैसे काढले. पश्चात्तापाचा माणूस तो नव्हता, सौदा करणारा होता. पण नकाशा खरा होता. माफीचा साक्षीदार सज्जन असावा ही अपेक्षाच चूक. सज्जन असता तर तो तिथं नसता.

याउलट मात्सुमोतोत घाई झाली. 27 जून 1994 च्या रात्री तिथं सारिन सोडला गेला, आठ जीव गेले. ज्यानं सर्वांत आधी मदतीसाठी फोन केला, ज्याची बायको त्या रात्री कोमात गेली, त्या योशियुकी कोनोंवरच पोलिसांनी संशय धरला, कारण त्यांच्या घरात छायाचित्रणाची रसायनं होती. वर्तमानपत्रांनी महिनोन् महिने त्यांना खुनी ठरवलं. पानावर एक नाव लिहून ठेवायची घाई कशी असते, ते कोनोंना विचारावं. त्यांच्या पत्नी चौदा वर्षं तशाच राहिल्या आणि 2008 मध्ये गेल्या. त्याआधी, त्या हल्ल्यासाठी वायू फवारणारी गाडी बनवण्यात हात असलेला एक माणूस शिक्षा भोगून सुटला आणि माफी मागायला कोनोंच्या घरी आला. कोनोंनी त्याला आत घेतलं. पुढे तो त्यांच्या बागेतली झाडं छाटायला येत असे.

हायाशी 1995 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्याच आरोपाखाली पकडला गेला, आणि मे महिन्यात त्यानं आपण होऊन सांगितलं, की छत्री मी खुपसली. पोलिसांना तोवर ते माहीत नव्हतं. त्याच्या बोलण्यातून बाकीची साखळी उलगडली. 1998 मध्ये त्याला जन्मठेप झाली, इतर चौघांना मात्र फाशी. ताकाहाशींच्या पत्नी शिझुए यांनी खटले वर्षानुवर्षं बसून ऐकले, आणि पीडितांच्या संघटनेचं काम हाती घेतलं. हारुकी मुराकामी यांनी साठेक पीडितांशी बोलून 1997 मध्ये पुस्तक केलं आणि नंतर पंथातल्या माणसांशी बोलून दुसरं. डॉक्टर, अभियंते, शिक्षक. ती पुस्तकं मला कुठल्याही कादंबरीपेक्षा मोठी वाटतात, कारण त्यांत मुराकामी ऐकत बसतात. जुलै 2018 मध्ये असाहारासह तेरा जणांना फाशी दिली गेली. त्यांत ओकाझाकीही होता.

शेवटी आपल्या दाराशी येते, आणि वकील म्हणून जपून बोलते. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर गेले. अमानुष प्रथा आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा त्यांनी वर्षानुवर्षं मागितला, त्याचा अध्यादेश त्यांच्या खुनानंतर काही दिवसांत निघाला, डिसेंबरात कायदा झाला. गुप्तधनासाठी केलेलं अघोरी कृत्य त्यात आता गुन्हा आहे, मानवतच्या मुलींना चाळीस वर्षं उशीर झाला. मग 2015 मध्ये कोल्हापूरला कॉ. गोविंद पानसरे, धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गी. 5 सप्टेंबर 2017 ला बंगळूरला गौरी लंकेश. 2018 मध्ये त्या तपासातच कळलं, की इथं म्हैसूरमध्ये, आपल्या शेजारच्या कुवेंपुनगरात राहणारे लेखक के. एस. भगवान यांच्याही हत्येचा बेत होता. खटले चालू आहेत, आरोपींबद्दल मी काही बोलणार नाही. दाभोलकर खटल्याचा निकाल मात्र लागला. 10 मे 2024 रोजी पुण्याच्या न्यायालयानं गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, बाकीचे तिघे पुराव्याअभावी सुटले.

ते वाचलं त्या दिवशी मी दुपारचं जेवण केलं नाही. मानवतचा निकाल तसाच होता. खाली सत्र न्यायालयानं सूत्रधार म्हणून ज्या दोघांना फाशी सुनावली होती, ते वरच्या न्यायालयांत सुटले. माफीच्या साक्षीदारांच्या शब्दाला पुरेशी स्वतंत्र पुष्टी नव्हती. प्रत्यक्ष मारणाऱ्यांच्या शिक्षा कायम राहिल्या. एप्रिल 1977 मधला तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला आहे. वकिलीच्या पहिल्या वर्षी मी तो शोधून वाचला, पुन्हा पुन्हा वाचला. वकील म्हणून सांगते, तो बरोबर आहे. ठगांच्या वेळी जे झालं ते पुन्हा होऊ नये, म्हणून तो तसाच असायला हवा. पुष्टी नसेल तर सोडलंच पाहिजे. तपास करणाऱ्याचं काम ती वाण्याची वही वेळेवर शोधण्याचं आहे, आणि ती वेळ पहिली आई पोलीस ठाण्याच्या पायरीवर येते तेव्हाच सुरू झालेली असते. ती वेळ गेली की नंतर कितीही हुशार माणूस मुंबईहून आणा.

सेलूची मुलगी म्हणून मला वेगळं वाटतं, आणि ते मी आजवर कुठल्या न्यायालयात बोलले नाही.

1977 च्या त्या उन्हाळ्यात मी चौदा वर्षांची होते. निकालाची बातमी वडिलांनी पेपरातून मोठ्यानं वाचली. आई भाकऱ्या थापत होती, तिनं वर पाहिलं नाही. आम्ही पाढे केव्हाच सोडून दिले होते, मला आता त्यांची लाज वाटायची. संध्याकाळी मी बाभळींकडे निघाले तशी ती हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "म्हण." मी वळून पाहिलं. ती तिथंच उभी होती. मी सतरापासून सुरुवात केली.